‘ओन्ली’, ‘टू’, ‘इनफ’ : इंग्रजीत शब्दाची जागा चुकली की अर्थच बदलतो; कामगार आणि विद्यार्थ्यांनी जरूर वाचा

सरावली (ता. पालघर) : सल्फ्युरिक ॲसिड पातळ करायचं असेल तर ॲसिड पाण्यात टाकायचं, तेही हळूहळू. पाणी ॲसिडमध्ये कधीच ओतायचं नाही. शाळेतल्या प्रयोगशाळेपासून रसायनाच्या कारखान्यापर्यंत हा नियम सगळीकडे सारखाच आहे. कारण कडक ॲसिडवर पाणी पडलं की क्षणात एवढी उष्णता तयार होते की पाणी तिथेच उकळतं आणि ॲसिड अंगावर उडतं.

हाच नियम इंग्रजीत असा लिहितात : ‘ॲड ॲसिड टू वॉटर.’

आता यातल्या दोन शब्दांची फक्त अदलाबदल करा : ‘ॲड वॉटर टू ॲसिड.’

शब्द तेच चार. एकही शब्द वाढला नाही, एकही कमी झाला नाही. पण पहिलं वाक्य जीव वाचवतं आणि दुसरं डोळे घालवतं.

मराठीत असं होत नाही. ‘ॲसिड पाण्यात टाका’ म्हणा, ‘पाण्यात टाका ॲसिड’ म्हणा, नाहीतर ‘टाका ॲसिड पाण्यात’ म्हणा. ऐकणारा एकच गोष्ट करणार. कारण ‘पाण्यात’मधला ‘त’ पाण्याला चिकटलेला आहे. पाणी वाक्यात कुठेही गेलं तरी तो ‘त’ त्याच्यासोबत जातो. इंग्रजीत असं चिकटणारं फार थोडं आहे. तिथे शब्द कोणत्या जागी बसला आहे, यावर त्याचा अर्थ ठरतो.

किती, केवढं, फक्त, पुरेसं, जास्त, थोडं, सगळं हे दाखवणाऱ्या छोट्या शब्दांच्या बाबतीत हा फरक सगळ्यात जास्त नडतो. आज त्याच शब्दांबद्दल.

आपल्याला याचं काय?

देशातलं पहिलं अणुवीज केंद्र १९६९ मध्ये तारापूरला सुरू झालं. पुढे एमआयडीसी वाढली. रसायनं, औषधं, कापड, पोलाद असे नाना प्रकारचे कारखाने आले. सरावली, बोईसर, पास्थळ, कुंभवली या गावांतून रोज माणसं शिफ्टला जातात. बाहेरच्या राज्यांतून आलेले कामगारही इथेच राहतात. कामावर मराठी, हिंदी, गुजराती सगळं बोललं जातं. पण ड्रमवरचं लेबल इंग्रजीत, मशीनचं पुस्तक इंग्रजीत, आणि बऱ्याच ठिकाणी शिफ्ट संपताना लॉगबुकात लिहायचं तेही इंग्रजीतच.

१९४८ च्या कारखाने कायद्यातच अशी तरतूद करण्यात आली होती की कायद्याने लावायच्या सूचना इंग्रजीबरोबर बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेतही लावायच्या. पण भिंतीवरची सूचना वेगळी आणि आपल्या हाताने लिहिलेली लॉगबुकातली ओळ वेगळी. ती ओळ पुढच्या शिफ्टचा माणूस वाचतो आणि तिच्यावर भरवसा ठेवून काम सुरू करतो.

शाळेचंही तेच. राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आलं. मुलांना शब्द भरपूर येतात. अडतं ते शब्द कुठे ठेवायचा इथे.

आपल्या ‘च’ची करामत

आधी आपली भाषा काय करते ते बघू. मराठीत ‘च’, ‘ही’, ‘सुद्धा’, ‘देखील’, ‘मात्र’ हे छोटे शब्द आहेत. व्याकरणात यांना शुद्ध शब्दयोगी अव्यय म्हणतात. म्हणजे हे दुसऱ्या शब्दाला जोडून येतात, पण त्या शब्दाचं रूप बदलत नाहीत. ‘मी’चं ‘मीच’ होतं, ‘आज’चं ‘आजच’.

‘च’ ज्याला चिकटला, त्याच्यावर जोर. ‘मीच आज पंप तपासला’ यात दुसऱ्या कोणी नाही, मी. ‘मी आजच पंप तपासला’ यात काल नाही, आज. ‘मी आज पंपच तपासला’ यात बाकी काही नाही, पंप. आपण हे कधी शिकलो नाही. आईच्या बोलण्यातून आपोआप आलं.

इंग्रजीकडे ‘च’ नाही. त्याचं काम ‘ओन्ली’ करतो. पण ‘ओन्ली’ सुटा शब्द आहे, तो कुणाला चिकटत नाही. म्हणून तो कुणाच्या शेजारी उभा आहे हे बघावं लागतं.

‘ओन्ली’ : ज्याच्याबद्दल बोलायचं त्याच्या शेजारी

एक साधं वाक्य घेऊ. ‘द ऑपरेटर चेक्ड द पंप ऑन संडे.’ ऑपरेटरने रविवारी पंप तपासला. आता ‘ओन्ली’ एकेका जागी ठेवून बघा.

‘ओन्ली द ऑपरेटर चेक्ड द पंप ऑन संडे.’ रविवारी पंप ऑपरेटरनेच तपासला. सुपरवायझर किंवा दुसऱ्या कोणी नाही.

‘द ऑपरेटर ओन्ली चेक्ड द पंप ऑन संडे.’ ऑपरेटरने पंप नुसता तपासला. दुरुस्त केला नाही.

‘द ऑपरेटर चेक्ड ओन्ली द पंप ऑन संडे.’ ऑपरेटरने पंपच तपासला. पाइप, व्हॉल्व्ह, मोटर बघितली नाही.

‘द ऑपरेटर चेक्ड द पंप ओन्ली ऑन संडे.’ ऑपरेटरने पंप रविवारीच तपासला. सोमवार ते शनिवार कोणी हात लावला नाही.

चार वाक्यं, चार वेगळ्या बातम्या. उद्या पंप बिघडला आणि चौकशी झाली तर या चारपैकी कोणतं वाक्य लिहिलं होतं, यावर बरंच काही ठरेल.

इथे एक गंमत आहे. दुसऱ्या वाक्यात मराठीत आपण ‘तपासलाच’ म्हणत नाही. कारण क्रियापदाला ‘च’ लावला की ‘नक्की तपासला’ असा अर्थ होतो. तिथे आपण ‘नुसता’ किंवा ‘फक्त’ वापरतो. म्हणजे ‘च’ दिसला की डोळे झाकून ‘ओन्ली’ लिहायचं, असंही नाही.

बोलताना इंग्रजी मातृभाषा असलेले लोकसुद्धा ‘ओन्ली’ बहुतेक वेळा क्रियापदाच्या आधी टाकून मोकळे होतात. मग ज्या शब्दावर जोर द्यायचा तो शब्द ते ठासून बोलतात, आणि ऐकणाऱ्याला कळतं. पण कागदावर आवाज नसतो. म्हणून लिहिताना ‘ओन्ली’ योग्य शब्दाच्या अगदी आधी ठेवावा.

आपल्याकडे अजून एक सवय आहे. फोनवर कोणी विचारलं कुठे आहेस, तर आपण म्हणतो ‘आय ॲम इन बोईसर ओन्ली.’ हे सरळ ‘मी बोईसरलाच आहे’चं इंग्रजी. आपला ‘च’ जसा शब्दाच्या मागे लागतो, तसा ‘ओन्ली’ मागे लावला. भारतात सगळ्यांना हे समजतं, बोलायला हरकत नाही. पण परदेशी माणूस गोंधळतो, आणि परीक्षेत किंवा ऑफिसच्या पत्रात ते बरोबर दिसत नाही.

पाटीवर आणि चेकवर मात्र ‘ओन्ली’ मागे

पाट्यांची रीत वेगळी आहे. ‘लेडीज ओन्ली’, ‘ऑथोराइज्ड पर्सन्स ओन्ली’. इथे ‘ओन्ली’ शेवटी येतो आणि त्याच्या आधीच्या शब्दाला लागतो : फक्त महिलांसाठी, फक्त परवानगी असलेल्यांसाठी. पाटीवर पूर्ण वाक्य नसतं, त्यामुळे घोळ होत नाही.

चेकवरही तसंच. ‘रुपीज फाइव्ह थाउजंड ओन्ली’, मराठीत ‘पाच हजार रुपये फक्त’. रकमेनंतर कोणी पुढे काही वाढवू नये म्हणून तिथे शब्दाने कुंपण घातलं जातं. त्या कुंपणाची जागा शेवटीच.

पण औषधाच्या चिठ्ठीवर असं लिहिलेलं दिसलं तर सावध राहा : ‘टेक वन टॅब्लेट ओन्ली ॲट नाइट.’ याचे दोन अर्थ निघतात. एक, रात्री एकच गोळी घ्या. दोन, एक गोळी घ्या, पण रात्रीच घ्या, दिवसा नको. ‘ओन्ली’ मधे उभा राहून दोन्हीकडे बघतोय. अशा वेळी अंदाज करायचा नाही. डॉक्टरांना किंवा मेडिकलवाल्याला विचारायचं.

लॉगबुकातलं सगळ्यात धोक्याचं वाक्य

आता ‘ऑल’ म्हणजे सगळे आणि ‘बोथ’ म्हणजे दोन्ही. हे शब्द एकटे असताना काही त्रास देत नाहीत. सोबत ‘नॉट’ आला की अडचण सुरू.

‘ऑल पंप्स आर नॉट वर्किंग.’

वाचणाऱ्याने काय समजायचं? सगळेच पंप बंद आहेत? की सगळे चालू नाहीत, म्हणजे काही चालू आणि काही बंद? हे वाक्य दोन्ही अर्थांनी वाचता येतं. मराठीतही ‘सगळे पंप चालू नाहीत’ हे वाक्य असंच लटकतं. पण आपल्याकडे ‘एकही पंप चालू नाही’ असं म्हणायची सोय आहे.

इंग्रजीतही सोय आहे, फक्त ती वापरायची.

काही चालू, काही बंद असतील तर ‘नॉट’ सगळ्यात पुढे आणा : ‘नॉट ऑल पंप्स आर वर्किंग.’

एकही चालू नसेल तर : ‘नन ऑफ द पंप्स इज वर्किंग.’

‘बोथ’चं याहून वाईट. ‘बोथ व्हॉल्व्ह्ज आर नॉट क्लोज्ड.’ दोन्ही व्हॉल्व्ह उघडे आहेत, की दोन्हीपैकी एक उघडा राहिलाय? पाण्याची लाइन असेल तर फार तर जमीन ओली होईल. पण लाइनमध्ये दुसरं काही असेल तर?

दोन्ही उघडे असतील तर ‘नायदर व्हॉल्व्ह इज क्लोज्ड’ असं लिहा. एकच बंद असेल तर ‘ओन्ली वन व्हॉल्व्ह इज क्लोज्ड’.

आणि याहून सोपा, सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे नंबर टाकून लिहायचं : ‘व्हॉल्व्ह वन क्लोज्ड. व्हॉल्व्ह टू ओपन.’ हे ऐटदार इंग्रजी नाही. पण याचा दुसरा अर्थ कोणी काढू शकत नाही.

‘व्हेरी’ आणि ‘टू’ : खूप वेगळं, प्रमाणाबाहेर वेगळं

मराठीत ‘खूप’ हा शब्द दोन्हीकडे चालतो. ‘चहा खूप गरम आहे’ म्हणजे छान कडक गरम, किंवा ‘थांब, खूप गरम आहे’ म्हणजे पिऊ नको. बोलण्याच्या सुरावरून आपल्याला कळतं. इंग्रजीत यासाठी दोन वेगळे शब्द आहेत.

‘व्हेरी हॉट’ म्हणजे खूप गरम. एवढीच माहिती.

‘टू हॉट’ म्हणजे प्रमाणाबाहेर गरम, पाहिजे त्यापेक्षा जास्त. यात इशारा आहे. (हा ‘टू’ दोन ‘ओ’ असलेला. दोन आकड्याचा ‘टू’ वेगळा, आणि ‘ॲड ॲसिड टू वॉटर’मधला एका ‘ओ’चा ‘टू’ वेगळा.)

‘द रिॲक्टर इज व्हेरी हॉट’ वाचून पुढचा माणूस म्हणेल, ठीक आहे, तो गरमच असतो. ‘द रिॲक्टर इज टू हॉट’ वाचून तो धावत जाईल. धावायला हवं तिथे ‘व्हेरी’ लिहू नका, आणि गरज नसताना ‘टू’ लिहू नका. मोबाइलवर आपण कुणाच्या फोटोखाली ‘टू गुड’ लिहितो ते कौतुक म्हणून चालतं. कामाच्या कागदावर ‘टू’ म्हणजे तक्रार.

‘टू’ची जागा विशेषणाच्या आधी : ‘टू हेवी’, ‘टू ओल्ड’. वस्तू मोजता येत असतील तर ‘टू मेनी’, जसं ‘टू मेनी ड्रम्स’. मोजता येत नसेल तर ‘टू मच’, जसं ‘टू मच वॉटर’. हाच ‘टू’ वाक्याच्या शेवटी गेला की अर्थ पार बदलतो : ‘द मोटर इज हॉट टू’ म्हणजे ‘मोटरही गरम आहे’. आधी आला तर ‘प्रमाणाबाहेर’, शेवटी आला तर आपला ‘ही’ किंवा ‘सुद्धा’.

विद्यार्थ्यांसाठी : ‘टू’ काढून वाक्य पुन्हा लिहा, हा व्याकरणातला नेहमीचा प्रश्न. ‘द बॉक्स इज टू हेवी टू लिफ्ट.’ उत्तर : ‘द बॉक्स इज सो हेवी दॅट वुई कॅनॉट लिफ्ट इट.’ खोका इतका जड आहे की आपण तो उचलू शकत नाही. मुलं दोन ठिकाणी चुकतात. मूळ वाक्यात ‘नॉट’ दिसत नाही म्हणून उत्तरात ‘कॅनॉट’ लिहायचं राहून जातं, आणि शेवटचा ‘इट’ विसरतात. ‘टू’च्या पोटात नकार आधीच दडलेला असतो, हे लक्षात ठेवलं की पहिली चूक होत नाही.

‘इनफ’ : कधी पुढे, कधी मागे

‘इनफ’ म्हणजे पुरेसं. मराठीत ‘पुरेसं पाणी’ आणि ‘पुरेसं थंड’ या दोन्हींत ‘पुरेसं’ आधी येतं. इंग्रजीत दोघांची जागा वेगळी.

वस्तूचं नाव असेल तर ‘इनफ’ आधी : ‘इनफ वॉटर’, ‘इनफ मनी’, ‘इनफ वर्कर्स’.

गुण सांगणारा शब्द असेल तर ‘इनफ’ नंतर : ‘कोल्ड इनफ’, ‘बिग इनफ’, ‘ओल्ड इनफ’. ‘इनफ कोल्ड’ असं नुसतं म्हणत नाहीत.

आता हे दोन्ही एकत्र बघा.

‘वुई हॅव इनफ कोल्ड वॉटर.’ थंड पाणी भरपूर आहे, साठा पुरेल.

‘द वॉटर इज कोल्ड इनफ.’ पाणी हवं तेवढं थंड झालंय.

पहिल्यात साठ्याची गोष्ट आहे, दुसऱ्यात तापमानाची. जिथे मशीन थंड ठेवण्यासाठी गार पाणी फिरवतात, तिथे या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या तपासाव्या लागतात. टाकी भरलेली असेल, पण पाणी कोमट असेल, तर काय उपयोग? इथे आपली मराठीच कमी पडते. ‘पुरेसं थंड पाणी आहे’ याचे दोन्ही अर्थ होतात. इंग्रजीत जागा नीट ठेवली तर एकच अर्थ होतो. म्हणजे प्रत्येक वेळी आपलीच भाषा सोपी, असं काही नाही.

‘मोर’ या शब्दातही असाच खड्डा आहे. ‘वुई नीड मोर ट्रेन्ड वर्कर्स.’ प्रशिक्षित कामगार आणखी हवेत, की आहेत त्यापेक्षा जास्त प्रशिक्षण घेतलेले हवेत? जाहिरातीत किंवा अर्जात असं वाक्य असेल तर नेमका आकडा लिहिलेला बरा : ‘वुई नीड फाइव्ह मोर ट्रेन्ड वर्कर्स.’ लगेच स्पष्ट झालं.

एका ‘अ’ची किंमत

‘अ फ्यू’ आणि ‘फ्यू’. ‘अ लिटल’ आणि ‘लिटल’. फरक दिसायला एका अक्षराचा.

‘अ फ्यू मास्क्स आर लेफ्ट.’ थोडे मास्क उरलेत. आजचं भागेल.

‘फ्यू मास्क्स आर लेफ्ट.’ मास्क थोडेच उरलेत. मागवायला लागतील.

‘देअर इज अ लिटल डिझेल इन द टँक.’ टाकीत थोडं डिझेल आहे.

‘देअर इज लिटल डिझेल इन द टँक.’ टाकीत डिझेल जेमतेमच आहे.

बघा, इथेही मराठीत तो फरक ‘च’ दाखवतो. ‘थोडे’ आणि ‘थोडेच’. इंग्रजीत ‘अ’ असला की ग्लास भरलेल्या बाजूने बघायचा, ‘अ’ नसला की रिकाम्या बाजूने. ‘फ्यू’ मोजता येणाऱ्या वस्तूंना, ‘लिटल’ न मोजता येणाऱ्यांना.

आणखी दोन जोड्या पाठ करून ठेवा. ‘ओन्ली अ फ्यू’ म्हणजे मोजकेच. ‘क्वाइट अ फ्यू’ म्हणजे बरेच! ‘फ्यू’ दिसला म्हणून थोडे समजू नका.

‘ऑलमोस्ट’ आणि ‘हार्डली’ : नुकसान झालं की वाचलं?

पावसाळ्यात दुकानात पाणी शिरलं. विमा कंपनीला इंग्रजीत मेल करायचा आहे.

‘वुई ऑलमोस्ट लॉस्ट ऑल द गुड्स.’ याचा अर्थ सगळा माल जाता जाता राहिला. म्हणजे वाचला!

‘वुई लॉस्ट ऑलमोस्ट ऑल द गुड्स.’ याचा अर्थ जवळजवळ सगळा माल गेला.

‘ऑलमोस्ट’ क्रियापदाच्या आधी आला तर ती गोष्ट होता होता राहिली. रकमेच्या किंवा ‘ऑल’च्या आधी आला तर गोष्ट झाली, फक्त आकडा थोडा कमी. भरपाई मागणाऱ्याने पहिलं वाक्य लिहिलं तर त्याने आपल्याच हाताने नुकसान झालं नाही असं लिहून दिलं.

‘हार्ड’ आणि ‘हार्डली’ हे मुलाखतीत घात करतात. ‘आय वर्क हार्ड’ म्हणजे मी मेहनत करतो. ‘हार्ड’ क्रियापदानंतर. ‘आय हार्डली वर्क’ म्हणजे मी काम जवळजवळ करतच नाही. शेवटी ‘ली’ लावला की शब्द जास्त चांगला होतो, असं समजून कोणी हे बोललं तर समोरचा साहेब हसेल तरी, नाहीतर पुढच्या उमेदवाराला बोलवेल.

‘हार्डली’मध्ये नकार आधीच आहे. म्हणून त्याच्यासोबत ‘नॉट’ लावायचा नाही.

दीड, अडीच आणि अर्धी गोळी

आपल्याकडे दीड, अडीच, पावणेदोन, साडेतीन असे एका शब्दात बसणारे मोजमाप आहेत. बाजारात आजीसुद्धा ‘अडीच पाव’ सहज म्हणते. इंग्रजीत दीडसाठी एक शब्द नाही, जोडून सांगावं लागतं. आणि इथे एक चूक औषधाच्या बाबतीत महागात पडू शकते.

‘वन-हाफ टॅब्लेट’ म्हणजे अर्धी गोळी. एकाचे दोन भाग, त्यातला एक.

‘वन अँड अ हाफ टॅब्लेट्स’ म्हणजे दीड गोळी.

‘वन’ आणि ‘हाफ’ असे दोन शब्द दिसले म्हणून कोणी पहिल्याला दीड समजलं, तर अर्धीच्या जागी तिप्पट औषध पोटात जाईल. मधला ‘अँड’ शोधायचा. तो असेल तर दीड, नसेल तर अर्धं. शंका असेल तर पुन्हा तेच : विचारा.

‘हाफ’ची जागाही लक्षात ठेवा. अर्धा तास म्हणजे ‘हाफ ॲन अवर’. दीड तास म्हणजे ‘वन अँड अ हाफ अवर्स’, आणि तिथे ‘अवर्स’ अनेकवचनी.

‘खूप आवडतं’ कसं सांगायचं?

‘मला बोंबील खूप आवडतात.’ मराठीत ‘खूप’ क्रियापदाला लागून येतो. म्हणून आपण ‘आय व्हेरी लाइक बोंबील’ किंवा ‘आय लाइक व्हेरी मच बोंबील’ म्हणून जातो. दोन्ही चूक. इंग्रजीत क्रिया आणि जिच्यावर क्रिया होते ती वस्तू, या दोघांच्या मधे सहसा कोणाला घुसू देत नाहीत. आधी ‘लाइक बोंबील’ पूर्ण करायचं, मग ‘व्हेरी मच’ : ‘आय लाइक बोंबील व्हेरी मच.’ वाड्याचा कोलम आवडत असेल, घोलवडचा चिकू आवडत असेल, सगळ्यांना हाच नियम.

एका नजरेत : स्क्रीनशॉट काढून ठेवा

१. ‘ओन्ली’ : ज्याच्याबद्दल बोलायचं त्याच्या लगेच आधी. पाटीवर आणि चेकवर शेवटी.

२. ‘सगळे नाही’ म्हणायचं असेल तर ‘नॉट ऑल’. ‘एकही नाही’ म्हणायचं असेल तर ‘नन’. दोनपैकी एकही नाही तर ‘नायदर’.

३. ‘व्हेरी’ म्हणजे खूप. दोन ‘ओ’चा ‘टू’ म्हणजे प्रमाणाबाहेर. तोच वाक्याच्या शेवटी आला तर ‘सुद्धा’.

४. ‘इनफ’ : वस्तूच्या आधी, गुणाच्या नंतर.

५. ‘अ फ्यू’, ‘अ लिटल’ म्हणजे थोडं आहे. ‘अ’ नसेल तर थोडंच आहे.

६. ‘ऑलमोस्ट’ क्रियापदाआधी आला तर झालं नाही. आकड्याआधी आला तर झालं.

७. ‘वर्क हार्ड’ म्हणजे मेहनत. ‘हार्डली वर्क’ म्हणजे कामच नाही.

८. दीडमध्ये ‘अँड’ असतोच.

लिहिल्यावर एक मिनिट

इंग्रजी वाक्य लिहून झालं की ते मनात मराठीत सांगून बघा. सांगताना ‘च’ कोणत्या शब्दाला लागला? त्या शब्दाच्या आधी इंग्रजीत ‘ओन्ली’ आहे का? सांगताना दोन अर्थ निघत असतील तर वाचणाऱ्यालाही दोनच निघणार. मोबाइलमधलं भाषांतराचं ॲप इथे पुरतं मदतीला येत नाही. दोन अर्थांच्या वाक्याचा ते एकच अर्थ दाखवतं, आणि तो तुमच्या मनातला असेलच असं नाही.

मोठ्या वाक्याची दोन छोटी वाक्यं करा. नंबर लिहा, वेळ लिहा, आकडा लिहा. आणि चालत असेल तिथे इंग्रजी ओळीखाली एक ओळ मराठीत किंवा हिंदीत लिहायला अजिबात लाजू नका. पहाटे शिफ्टला आलेल्या माणसाला तुमचं इंग्रजी किती भारी आहे हे जाणून घ्यायचं नसतं. कोणता व्हॉल्व्ह उघडा आहे, तेवढंच त्याला कळायला हवं.